पट्टी गाणाऱ्याची की वाजवणाऱ्याची?

मंडळी, गिटारच्या कॅपोला 'कुबडी' म्हणणाऱ्यांशी आज मला भांडायचं आहे. मला गिटार वाजवता येत नाही. पण आयुष्यभर शाळेत शिकवलं, गॅदरिंगची गाणी बसवली आणि इथे मानोऱ्यात भजनाला पेटी धरतो. तेवढ्या शिदोरीवर बोलतो.

ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. तो ज्या पडद्यावर लावाल तिथून पुढेच तारा वाजतात, म्हणजे आखूड होतात, आणि स्वर चढतो. बोटं 'सी' कॉर्डचीच ठेवा, पहिल्या पडद्यावर कॅपो लावा, की झाली आपली काळी एक! स्केलचेंजर पेटीत जे होतं, तेच हे. वस्तू आजकालची नाही. अमेरिकेत जेम्स ॲशबॉर्न यांनी १८५० साली कॅपोचं पेटंट घेतलं होतं.

आता भांडण. नातवाने मागे एका स्पर्धेत वर्गातल्या मुलीच्या गाण्याला साथ केली. चौथ्या पडद्यावर कॅपो, 'ई'ची बोटं, म्हणजे काळी चार. परीक्षक म्हणाले, "कॅपो काढ, मग खरा वादक." पोराने काढला. पट्टी पांढरी तीनवर घसरली. नातवाचं काही बिघडलं नाही, त्याची बोटं तीच होती. बिघडलं त्या मुलीचं. खालचे स्वर तिला लागेनात.

हे मी शाळेतही पुष्कळ पाहिलंय. पेटीवाल्यांचा हात एकाच पट्टीत बसलेला. मग त्या पट्टीत न मावणाऱ्या मुलींना सांगायचं, "तुला गळा नाही." अहो, गळा होता! त्याला हवी ती पट्टी दिली नव्हती, एवढंच. अशा किती मुली त्या दिवसापासून गप्प झाल्या, त्याचा हिशोब कोण देणार?

"बार कॉर्ड शिकावेत, पळवाट कशाला?" असं म्हणतात. शिकावेत की! पण बार कॉर्ड म्हणजे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकणं, म्हणजे हाडामांसाचा कॅपोच. त्यात एक बोट अडकतं आणि मोकळ्या तारांची आस जाते. कॅपो ते बोट सोडवतो.

आणि हा आळशांचा चिमटा असेल, तर त्याच्या भावंडांचं काय करायचं? एक अर्धा कॅपो असतो, तो मधल्या तीनच तारा दाबतो. दुसऱ्या पडद्यावर लावला की सहा मोकळ्या तारा 'ई'ला सा धरून सा-प-सा-म-प-सा अशा बोलतात. आपल्या कानांना तंबोऱ्याची आठवण व्हावी! आणि खुंट्यांना हातही लावायचा नाही. दुसरा एक कॅपो खर्जाची तार मोकळी सोडून उरलेल्या पाच दाबतो. तिसऱ्यात प्रत्येक तारेला वेगळा चाप असतो. हवी ती दाबा, नको ती सोडा. चौथा चाकांवर सरकतो, गाणं चालू असताना पट्टी चढवता येते. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड, पाचव्या पडद्यापासून सुरू होणारी. साधा कॅपो तिला उपयोगी पडत नाही, म्हणून ती अडकवायला खेळण्यातल्या रेल्वेरुळांचे इवलेसे खिळे ठोकतात. ही काय आळशी माणसांची लक्षणं?

स्पेनच्या फ्लामेंकोत गिटारवाला गायकाचा गळा पाहून कॅपो लावतो. पाको दे लुसियाही लावत. त्यांना कुबडी लागत होती म्हणायचं का? आपल्याकडे बासरीवाले पट्टीगणिक वेगळी बासरी पिशवीत बाळगतात. तबलजी काळी एकचा आणि काळी चारचा वेगळा तबला आणतात. त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. आमच्या तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा भजनं ऐका. गाणाऱ्याने स्वर घ्यायचा आणि नगारा-थाळीने त्याच्यामागून जायचं. साथ म्हणजे दुसरं काय असतं?

कॅपोच्याही मर्यादा आहेत. तो स्वर चढवतो, उतरवत नाही. फार आवळला तर तारा बेसूर होतात, म्हणून लावल्यावर एकदा सूर तपासावा. पण हे झालं वापरण्याचं तारतम्य. त्यावरून वादकाची लायकी ठरत नाही.

परीक्षकांनी गुण जरूर कापावेत. साथीदार बेसूर असेल, गाणाऱ्यावर कुरघोडी करत असेल, तर कापाच. पण मुलाच्या गिटारवर काय लावलंय हे बघण्याआधी शेजारी उभ्या मुलीला एकदा विचारा, "बाई गं, तुझी पट्टी कोणती?"

ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल लिहावं. निवृत्त माणूस आहे, वाद घालायला वेळच वेळ आहे!