प्रगल्भ टोन नावाची थाप

बास गिटार वाजवणारी चाळिशीपुढची माणसं जमली की एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. तरुणपणी पाच-सहा तारांचा, आत बॅटरी असलेला चकचकीत बास, कोऱ्या तारा, ट्रेबल पूर्ण उघडा, अंगठ्याने फटाफट स्लॅप. मग 'समज' येते. माणूस चार तारांच्या साध्या फेंडर प्रिसिजनकडे वळतो, फ्लॅटवाउंड तारा चढवतो, टोनचा नॉब बंद करतो आणि म्हणतो, "बास ऐकू यायचा नसतो, जाणवायचा असतो." ही गोष्ट मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. ती थाप आहे.

माझंच घ्या. पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि लग्नांत वाजवून मी याच वाटेने प्रिसिजनच्या एका नकलेपाशी पोचलो. कारण काय, तर पाच तारांच्या बासच्या वजनाने खांदा आणि कंबर कामातून गेली. शिवाय बासच्या तारांचा सेट महाग. गोल वेटोळ्याच्या राउंडवाउंड तारांची चमक घामाने दोन-चार कार्यक्रमांत उतरते. चपट्या पट्टीच्या फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं तशाच वाजतात. आणि साउंडवाला माझा ट्रेबल तसाही कापायचाच, कारण वरच्या जागेत ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड आधीच भांडत असत. कंबर, पाकीट आणि मिक्सर यांनी मिळून घेतलेला निर्णय मी रुची म्हणून मिरवला.

या पंथाचं दैवत म्हणजे जेम्स जेमर्सन. मोटाउनच्या गाण्यांतला तो जाडसर, गोल बास त्याचा: 1962चा प्रिसिजन, क्वचितच बदललेल्या फ्लॅटवाउंड तारा, उजव्या हाताचं एकच बोट. दैवताचं वय मात्र कोणी मोजत नाही. जेमर्सन 1936चा. ज्या कामासाठी त्याला पुजतात त्यातलं बहुतेक त्याने पस्तिशीच्या आत केलं. आपण ज्याला म्हाताऱ्याचा टोन म्हणतो तो एका तरुणाचा होता. फ्लॅटवाउंड हाही त्याचा संन्यास नव्हता. तेव्हा बासवर सहसा त्याच तारा असत. रोटोसाउंडने 'द हू'च्या जॉन एन्टविसलला हाताशी धरून राउंडवाउंड तारा पुढे आणल्या त्या 1966च्या सुमारास. आणि एन्टविसल? वय वाढलं तसा तो शांत वगैरे झाला नाही. तो प्रिसिजनकडून आलेंबिककडे गेला. त्याच्या अप्रगल्भतेबद्दल कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

पिनो पलादिनोचं उदाहरण नेहमी दिलं जातं. 1983मध्ये पॉल यंगच्या गाण्यात त्याचा फ्रेटलेस बास अक्षरशः दुसऱ्या गायकासारखा गातो आणि 2000च्या डी'अँजेलोच्या 'वूडू'त तो प्रिसिजनवर मागे रेलून बसतो. "बघा, शेवटी वळलाच!" अहो, गाणं बदललं म्हणून वाद्य बदललं. 'वूडू'त फ्रेटलेस गायला असता तर विचित्र वाटलं असतं, आणि उलटही.

आपल्याकडे तरी हे समजायला अवघड जाऊ नये. विलायत खाँसाहेबांच्या सतारीची जवारी बंद अंगाची, रविशंकरांची त्यामानाने खुली. यातली एक बालिश आणि दुसरी पोक्त, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? ज्याला जशी हवी तशी तो जवारी काढून घेतो. बासवाल्यालाच तेवढी वयाप्रमाणे जवारी बंद करायची सक्ती.

'जाणवायचा असतो' या वाक्याचा मला खरा राग आहे. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर साधारण 41 हर्ट्झचा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो येतच नाही. येतात ते त्याच्या वरचे उपस्वर, आणि त्यांवरून कान खालचा स्वर मनाशी जुळवतो. ते उपस्वर टोनच्या नॉबने मिटले, की तशा स्पीकरवर ऐकणाऱ्यांना तुम्ही ना ऐकू येता, ना जाणवता. आणि न ऐकू येणाऱ्याचं नावही कोणी छापत नाही. जेमर्सनचं नाव मोटाउनच्या तबकडीवर ठळकपणे आलं ते 1971मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर शेकडो गाणी निनावी वाजवून झाली होती. हिंदी सिनेमाच्या तबकड्यांवर तरी वादकांची नावं कुठे असत? ऐकू न येण्याला आपण साधना म्हणालो. ती बहुतेकांच्या वाट्याला आलेली गैरसोय होती.

हे सगळं मला आत्ता का सुचतंय, तर गेल्या वर्षी माझ्याकडे एकवीस वर्षांचा मुलगा शिकायला यायचा. कोऱ्या राउंडवाउंड तारा, काचेसारखा आवाज. मी दर वेळी त्याचा टोन बंद करायचो. "वय झालं की कळेल." एकदा त्याने विचारलं, "सर, माझ्या वयाचे होतात तेव्हा तुम्ही असंच वाजवायचात का?" मी म्हणालो, "तेव्हा चांगल्या तारा मिळायच्या नाहीत." हे खोटं होतं. त्या वर्षीची एक कॅसेट अजून माझ्याकडे आहे. गणपतीतला कार्यक्रम, माझा बास ढोलकीवर चढून नाचतोय, चुकतोय, आणि मला तो आजच्या माझ्या वाजवण्यापेक्षा आवडतो.

परवा त्याला फोन केला, म्हटलं, ये, नॉब उघडा ठेवूनच ये. त्याने दुसरीकडे कीबोर्डचा क्लास लावलाय.