फेणे कोणाचा?

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर हल्ली पोरांपेक्षा मोठी माणसेच अधिक बोलतात. चाळिशी उलटलेले गृहस्थ दिवाळीच्या सुट्टीत ती जुनी पुस्तके पुन्हा काढतात, दोन दिवसांत फडशा पाडतात आणि निकाल देतात : योगायोग फार, चोर भोळे, आणि गुन्हेगार नेमके याच पोराला बरे भेटतात! योगायोग आहेतच, नाही कोण म्हणतो? पण वाचकहो, हा खटला भलत्याच न्यायालयात चालला आहे.

मीही ती पुस्तके नुकतीच पुन्हा वाचली. त्यांची खरी गंमत रहस्याच्या उकलीत नाही, त्या पोराच्या पायांत आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर टांग मारतो आणि ‘ट्टॉक्’ करून जिथे जाऊ नये तिथे जातो. तर्क लढवावा बेकर स्ट्रीटवरच्या होम्ससाहेबांनी. आमचा फेणे आधी पोचतो! अशा पोराच्या वाटेत पहिला आडवा येतो तो चोर नव्हे, तर ‘घरी जा, अभ्यास कर’ म्हणणारा मोठा माणूस. चाळिशीत वाचताना त्या माणसाचा चेहरा फार ओळखीचा वाटतो. योगायोगांची मोजदाद आपण करत बसतो ती बहुधा त्यामुळेच.

१९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे आला, तो निदान शाळकरी होता. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. अमेय वाघने काम झकास केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोरांचा हेर मोठ्यांनी भरदिवसा पळवला, आणि फिर्याद कोणी लिहून घेतली नाही!

आता आमच्या शिरूर-दौंडकडे या. घोडनदीच्या काठावरून मोटारीची केबल चोरीला जाते, भीमेच्या पात्रातून रात्री वाळू उपसली जाते. ट्रॅक्टर कोणाचा होता, हे गावात पोरांना सर्वांआधी ठाऊक असते. त्यांना विचारतो कोण? उसात बिबट्या आहे, अंधारात पोर बाहेर सोडवत नाही, हे शिरूरच्या आईबापांना मी सांगायला नको. ती भीती खरी आहे. म्हणूनच तर सातच्या आत कडी लावलेल्या घरात फेणे हवा. ज्याला ओट्याखाली उतरता येत नाही, त्याने निदान पुस्तकातून प्रतापगड गाठावा!

आणि पुस्तके नाहीत असेही नाही. पुष्कळ शाळांत ती आहेत. कपाटात आहेत, आणि कपाटाला कुलूप आहे. कारण काय, तर पोरे पाने फाडतात! ज्या पुस्तकाचे एकही पान दहा वर्षांत दुमडले नाही, ते तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवण्याच्या कामाचे. माझ्या गुरुजी-बाईंना एवढीच विनंती : सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी किल्ली वर्गातल्या सर्वांत दांडगट पोराच्या हाती द्या. पाने सुटली तर शनिवारी बसून खळ लावू.