तबकडी ऐकायची की राखायची?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांचे रद्दी-भंगाराचे दुकान आहे. पुस्तकांशी माझी पहिली ओळख वजनकाट्यावर झाली आणि इंग्रजी रॉक संगीताशीही तिथेच झाली, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक जुना बंगला रिकामा झाला, तेव्हा रद्दीबरोबर सात-आठ रेकॉर्डी आल्या. पुठ्ठा एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, अशी वडिलांनी वाटणी सुरू केली. एका वेष्टनावर काळ्या रंगात त्रिकोणी लोलक आणि त्यातून फुटणारे रंग. गाणाऱ्यांचे नाव नाही की शीर्षक नाही. वडिलांना तो शाळेतला विज्ञानाचा तक्ता वाटला. ती होती पिंक फ्लॉइड या इंग्लिश मंडळींची १९७३ सालची ‘द डार्क साइड ऑफ द मून’. आमच्या इंग्रजीच्या सरांकडे रेकॉर्ड प्लेअर आहे. तिथे ती मी प्रथम ऐकली.

माझे इंग्रजी कच्चे आहे (परीक्षकांना ते ठाऊक आहेच). पहिल्या बाजूचे निम्मे शब्द मला कळले नाहीत. पण त्या बाजूच्या शेवटी एक बाई शब्दांवाचून गाते. नुसता स्वर, कधी आक्रोश, कधी थकून कुजबुज. तिथे सर आणि मी सारखेच अडाणी! मग बाजू संपते. उठून सुई उचलायची, तबकडी उलटायची; आणि दुसऱ्या बाजूला पहिला आवाज येतो तो नाण्यांचा आणि दुकानातल्या गल्ल्याचा. मोबाईलवर हीच गाणी एकामागून एक येतात, उठावे लागत नाही. उठण्यात जे अर्धे मिनिट शांत जाते, ते माझ्या मते त्या रचनेचाच भाग आहे.

पुढे एका संग्राहकाला बातमी लागली. दुकानात येऊन त्यांनी तबकडी उजेडात तिरपी धरली, मधल्या कागदावरचा क्रमांक वाचला, चरे मोजले. “वाजवत जाऊ नकोस, किंमत उतरते,” असे बजावून दोन हजार रुपये देऊ केले. आत काय आहे, याविषयी अवाक्षर नाही. आमच्या दुकानाला तेवढे सुटायला चार दिवस लागतात. वडील माझ्याकडे बघत राहिले. मी नाही म्हटले. त्या रात्री जेवताना घरात कोणी बोलले नाही.

संग्रह करू नये, असे माझे म्हणणे नाही. संग्राहक नसते तर यांतले कितीतरी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात गेले असते. पण पहिली आवृत्ती आणि न फोडलेले वेष्टन यांचा जो देव्हारा मांडला जातो, त्याला माझा विरोध आहे. ती शब्दांवाचून गाणारी बाई म्हणजे क्लेअर टॉरी. जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ती उत्स्फूर्त गायली आणि तिला तीस पौंड मिळाले. रचनाकार म्हणून नाव छापले ते एकट्या रिचर्ड राइट यांचे. २००४ साली ती कोर्टात गेली, २००५ साली तडजोड झाली, आणि तेव्हापासून तिचेही नाव रचनाकारांत येते. म्हणजे बाजारात जी जुनी प्रत मोलाची, तिच्यावर ही बाई फक्त गाणारी. नव्या प्रतीवर ती रचनाकार. मग अस्सल कोणती म्हणायची? चरे मोजणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

“हे संगीत आपले नव्हे,” असेही एका मित्राने ऐकवले. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून गेला, त्यात शिवकुमार शर्मांचे संतूर होते. असो, तो वाद वेगळा.

सुई फिरली की खाच झिजते, हे खरेच. वहाणही चालूनच झिजते. नवी प्रत घ्यायची तर दोन-तीन हजार रुपये पडतात. आमच्यापैकी कितीजण देऊ शकतील? म्हणून आपल्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक प्लेअर असावा आणि शनिवारी दुपारी अख्खी तबकडी, दोन्ही बाजू, सर्वांनी मिळून ऐकावी, असे मी ग्रंथपालांना सुचवले आहे. “बघू,” म्हणाले. माझ्या सात-आठ रेकॉर्डी मी द्यायला तयार आहे. कोणाच्या माळ्यावर जुना प्लेअर पडून असेल तर कळवावे. घेऊन यायला आमची हातगाडी आहे.