पोत्यातला कन्व्हर्टर

राजूरच्या एका जेसीबीवाल्याने परवा अकोले गावात टेम्पोतून पोतं उतरवलं. आत काळ्या तेलाने माखलेला टॉर्क कन्व्हर्टर. बाहेरगावच्या भंगार बाजारातून रोखीने आणलेला, बिल नाही. "भाऊ, बसवायच्या आधी एकदा बघा," म्हणाला. हबवर, म्हणजे सील बसतं त्या भागावर, नख फिरवलं तर ते खाचेत अडकलं. अशा खाचेवर कितीही नवं सील घाला, तेल गळणारच. हब निळसरही पडला होता, म्हणजे तो कधीतरी बेसुमार तापलेला.

टॉर्क कन्व्हर्टर म्हटलं की हौशी माणसाला जुन्या ऑटोमॅटिक मोटारी आठवतात, 1948 सालची डायनाफ्लोवाली ब्यूक नाहीतर 1950 सालची पॉवरग्लाइडवाली शेवरोले. आपल्याकडे तशी मोटार क्वचितच दिसते, पण कन्व्हर्टर गावोगाव आहे, जेसीबीच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली जहाजांसाठी पेटंट घेतलेली युक्ती आज भंडारदऱ्याकडे भातखाचरं सपाट करते.

आत दोन पंखे समोरासमोर, मध्ये स्टेटर, सगळं तेलात बुडालेलं. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, गिअरबॉक्सकडचा झेलतो. परतणारं तेल स्टेटर वळवून देतो, म्हणून बकेट मातीत रुतल्यावर इंजिनाचा जोर साधारण दुपटीने पुढे जातो. पण कवच वेल्डिंगने बंद असतं. आतलं दिसत नाही, आणि जुना माल घेणारा फसतो तो इथेच.

त्याआधी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. "मशीन ओढत नाही" म्हटलं की "टॉर्क गेला" असा निकाल लागतो. उन्हाळ्याचा हंगाम, एक दिवस मशीन उभं राहिलं तरी नुकसान, त्यामुळे कुणी तपासत बसत नाही. स्टॉल टेस्ट करायला दहा मिनिटं लागतात. मोकळ्या जागी, चाकांना अडण लावून, तेल गरम झाल्यावर मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या गिअरमध्ये ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची, तीही काही सेकंदच, कारण तेल झपाट्याने तापतं. आरपीएम पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी भरले तर इंजिन अशक्त आहे किंवा स्टेटर सटकतोय. जास्त भरले तर बहुधा फॉरवर्ड-रिव्हर्सचे क्लच घसरताहेत. त्या मशीनला कन्व्हर्टर बदलून काय उपयोग?

घ्यायचाच ठरला तर आपला जुना सोबत न्या. बोल्टची भोकं, स्प्लाइनचे दाते, हबचा व्यास एकेक मोजा. नुसत्या आकारावर जाऊ नका, बाहेरून जुळे दिसणारे दोन कन्व्हर्टर आतल्या पात्यांनी वेगळे असू शकतात, म्हणून कवचावरचा नंबरही ताडून पाहा. स्टेटर एकाच दिशेने सुटा फिरणारा असेल तर हबमध्ये बोट घालून आतली स्प्लाइन फिरवा. एकीकडे फिरली, दुसरीकडे अडली, तर बरं. दोन्हीकडे गरगर फिरली की सोडून द्या. आतलं उरलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओता. जळका वास आला किंवा चांदीसारखी चमक दिसली तर आतलं काहीतरी झिजलंय, आणि ते धुऊन निघत नाही.

विक्रेत्यांकडेही मागणं आहे. कोणत्या मॉडेलच्या मशीनचा, किती तास चाललेला, आणि नाही जमला तर किती दिवसांत परत, एवढं बिलावर लिहून द्या. प्रामाणिक माणसाला यात अवघड काही नाही. लिहून द्यायला जो नकार देईल, त्याच्याकडचा माल स्वस्तातही घेऊ नये.

राजूरच्या त्या माणसाने पोतं पुन्हा बांधलं. त्याचा जुना कन्व्हर्टर आधीच किलोच्या भावाने गेला होता, त्यामुळे ताडून पाहायलाही काही उरलं नव्हतं. तुम्ही ती घाई करू नका. दुसरा बसून मशीन विठा घाट चढेपर्यंत जुना शेडमध्येच राहू द्या.