मिश्रीपण तंबाखूच आहे, ताई!

बदनापूर तालुक्यातल्या आशाताई, सिस्टर आणि घरोघरच्या सासूबाईंसाठी लिहितोय. जरा स्पष्टच लिहितो.

गरोदर बाईला तपासणीत विचारलं, "तंबाखू खाता का?" की ती सरळ "नाही" म्हणते. खोटं बोलत नाही ती. मिश्री आपल्याकडं तंबाखूत धरतच नाहीत, ती दात घासायची वस्तू! मग सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, कापूस वेचून आल्यावर पुन्हा. भाजली म्हणून तंबाखूतलं निकोटीन जात नाही. ते हिरडीतून रक्तात जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाला मिळणारं रक्त कमी करतं.

मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ ला छापून आला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, दिवस भरायच्या आत जन्मायचं प्रमाणही जास्त. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे लई झालं.

गुटखाबंदी २०१२ पासून आहे (कशी चालते ते सगळ्यांना माहितीय). पण मिश्री घरच्या तव्यावर भाजतात, तिथं कोणता कायदा जाणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच, प्रश्न बदला. "मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारा, आणि सासूबाईसमोर नको, बाजूला घेऊन. कारण बऱ्याचदा डबी सासूबाईचीच असते.

दारूचंही तेच. 'आपल्या बायका कुठं पितात' म्हणून कुणी विचारतच नाही. गरोदरपणात थोडी चालते असं काही नसतं, अजिबात नको.

आणि कंबर दुखली की मेडिकलवरून आणलेली ती गोळी! डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पाच महिन्यांनंतर बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उलट बीपीची, फिटची, थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती मनानं बंदही करू नका, त्यातही धोका आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मिश्री सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा फुकटचा सरकारी नंबर आहे. आईला, वहिनीला फोन लावायला संकोच वाटत असेल तर पोरांनो, तुम्ही लावून द्या.