आठ दिवसांत गोरं करणारी डबी

अकोल्याची ती बातमी वाचली होती का तुम्ही? २०२३ च्या सुरुवातीची. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार जडला. कारण काही केल्या सापडेना. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता गाडी तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमवर येऊन थांबली. क्रीम तपासलं, तर त्यात पारा! तोही मर्यादेच्या कितीतरी पट.

आता गंमत अशी, की पाऱ्यानं चेहरा खरंच उजळतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तो तयारच होऊ देत नाही. म्हणून तर 'मला फरक पडला' म्हणत एकीची डबी दुसरीकडे जाते. पण तोच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडात साठतो, हे आरशात कुठे दिसतं?

दुसरा प्रकार आपल्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानातला. खाजेसाठी असलेली स्टिरॉइडची ट्यूब 'फेस क्रीम' म्हणून रोज लावायची! पहिले पंधरा दिवस चेहरा असा तुकतुकीत, की विचारू नका. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं येतात, गालावर लव वाढते. आणि बंद केलं की आग आग. म्हणून पुन्हा लावायचं. २०१८ मध्ये सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मागितली की मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं, तर ते औषध आहे, प्रसाधन नाही.

पार्लरवाल्या ताईंना किंवा दुकानदाराला नावं ठेवून मात्र आपण मोकळ्या होऊ शकत नाही. 'लग्न दोन महिन्यांवर आलं, पोरीसाठी काहीतरी द्या ना बाप्पा,' हे कोण म्हणतं? आपणच. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून टाकलं. आपल्या बायोडाटातलं 'गोरी' काही निघालं नाही.

बरं, नागपूरचं ऊन! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि पोरी स्कुटीवर सीताबर्डी ते हिंगणा. अशा गावात त्वचेला गोरेपणापेक्षा संरक्षण हवं. सौम्य फेसवॉश सकाळ-संध्याकाळ, साधं मॉइश्चरायझर आणि तीस किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन. माझ्या मते रोजच्यासाठी एवढं पुरे. सनस्क्रीन मात्र कंजुषीनं लावू नका. दोन बोटांवर लांब रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं, आणि उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा. दुपट्टा बांधला तरी लावाच, पातळ कापडातून ऊन आत येतंच.

घरगुती म्हणजे निर्धोक, असंही नाही. संत्र्याच्या सालीची खरखरीत पूड चेहऱ्यावर खसाखसा घासली, तर ओरखडेच पडायचे. लिंबू चोळून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

घेताना डबी उलटी करून वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, घटक. यातलं काही नसेल, किंवा 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' असं लिहिलेलं असेल, तर तिथेच ठेवून द्या. नवीन काही आणलं, की आधी चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं.

आणि बिननावाची डबी कुणी आधीच वापरत असेल, पायावर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल, तर थेट डॉक्टरकडे जावं, तपासणीत कळतं. स्टिरॉइड लावत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, आपल्या मेडिकल-मेयोत त्वचारोग विभाग आहेत. जाताना ती डबी सोबत न्या, लाजू नका. आत काय आहे ते डॉक्टरांना तिच्यावरूनच शोधता येईल.