भेट की विष?

शब्दाच्या पोटात समाजाचा इतिहास दडलेला असतो, असे जाणकार म्हणतात. आपल्या मुलांच्या तोंडी रोज येणारा 'गिफ्ट' हा इंग्रजी शब्दच घ्या. त्याचा अर्थ भेट, हे शेंबडे पोरही सांगेल. पण जर्मनीत एखाद्या बाटलीवर हीच अक्षरे दिसली, तर तिला हात लावू नये. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष!

हे दोन्ही शब्द 'देणे' या एकाच मुळापासून निघालेले आहेत. जुन्या जर्मन भाषेतही 'गिफ्ट' म्हणजे देणगीच होती. ग्रीक भाषेत 'दोसिस' म्हणजे देणे, आणि वैद्याने दिलेली औषधाची मात्राही. त्याच वळणावर जाऊन जर्मन 'गिफ्ट'लाही 'दिलेली मात्रा' आणि मग 'विष' हा अर्थ चिकटला. पुढे देणगी गेली आणि विष उरले. आपण ज्याला 'डोस' म्हणतो तो त्या ग्रीक शब्दाचाच वंशज, आणि आपले 'दान'ही त्याच कुळातले.

जुन्या इंग्रजीत तर या शब्दाचा अर्थ होता वधूसाठी मोजलेले मोल, म्हणजे मराठीतले 'देज'. भेट हा आजचा अर्थ इंग्रजीने उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून घेतला. जर्मन भाषेत देण्याचा जुना अर्थ आता मुख्यतः 'मिटगिफ्ट' या शब्दात टिकून आहे. त्याचा अर्थ मुलीबरोबर पाठवलेले धन, म्हणजेच हुंडा! परीकथांमुळे आपल्या परिचयाच्या ग्रिम बंधूंनी १८३८ साली जर्मन शब्दकोशाचे काम हाती घेतले. ते त्यांच्या पश्चात १९६१ साली पुरे झाले. योगायोग असा की, त्याच साली भारतात हुंडाबंदीचा कायदा झाला.

आमच्या मते यात आपल्यासाठी एक बोध आहे. आपल्या मराठीत आहेर वेगळा आणि हुंडा वेगळा. आहेर देणाऱ्याच्या खुशीचा असतो, हुंडा घेणाऱ्याच्या मागणीचा. आज या बेटावर आपण दोन्हींना सरसकट 'गिफ्ट' किंवा क्रेओलमध्ये 'कादो' म्हणू लागलो, तर हा भेद पुसला जाईल. शब्द गेला की विवेकही सुटतो. मग मागून घेतलेली वस्तूसुद्धा भेट म्हणून मिरवते, आणि मुलीचा बाप कर्ज काढतो.

म्हणून आमची वाचक बंधुभगिनींना विनंती आहे की, घरात लग्नकार्य निघाले म्हणजे आहेर, ओटी, देज, हुंडा हे शब्द मुलांना अर्थासह समजावून सांगावेत. कोणते देणे प्रेमाचे आणि कोणते विषाचे, हे ओळखायला त्यांना त्यांचा उपयोग होईल.